मदत हवी आहे: स्वतःच्या टेस्टआधी दुसऱ्यांचं टेस्ट सेशन बघायला जावं का?

बर्फाळवाट
नमस्कार मंडळी. वयाच्या ४२व्या वर्षी फिगर स्केटिंग शिकायला लागले. आता तीन आठवड्यांनी जजसमोर पहिली टेस्ट आहे. अमेरिकन पद्धतीची, अगदी खालची पायरी: रिंकभोवतीचं स्ट्रोकिंग (पाय ढकलत पुढे जाणं), अर्ध्या वर्तुळांचे एज (ब्लेडच्या एका कडेवर झुकून जाणं), वॉल्ट्झ एट (आठच्या आकड्यासारखी दोन वर्तुळं, त्यात थ्री टर्न) आणि दोन्ही पायांवर एकेक स्पायरल (दुसरा पाय मागे उचलून घसरत जाणं). जिथे माझी टेस्ट होणार त्याच रिंकवर येत्या रविवारी एक टेस्ट सेशन आहे. कोच म्हणतात, जाऊन बस, डोळ्यांखालून घाल. माझ्याबरोबर शिकणारी मैत्रीण म्हणते, चुकूनही जाऊ नकोस. तिने एकीला थ्री टर्नवर (एकाच पायावर पुढून मागे वळताना) पडताना पाहिलं आणि पुढचे कित्येक दिवस स्वतःचा थ्री टर्न घेताना तिला तेच आठवायचं.

माझं घोडं वॉल्ट्झ एटपाशीच अडतं. उजवा पाय ठीक आहे, डाव्या पायाचा थ्री टर्न पहिल्या खेपेला घासतो, तिसऱ्या खेपेला छान येतो. जाऊ का? गेले तर काय बघू? अनुभवी लोकांनी कृपया सांगा, मला खरंच ठरवता येत नाहीये.

आठचा_आकडा
नक्की जा. मी गेले नव्हते, त्याचा फटका बसला. पहिला प्रकार संपवून थांबले तर तीनही जज माना खाली घालून लिहीत होते, कुणी वर बघेना. मला वाटलं, संपलं, नापास. पुढचे एज त्याच धसक्यात केले. खरं तर प्रत्येक प्रकारानंतर ते लिहितातच. आधी एकदा जरी तिथे बसून पाहिलं असतं तर ती शांतता अंगावर आली नसती.

जुनी_ब्लेड
ताई, जा, पण कुठे बसायचं ते आधी ठरवा. जज ज्या बाजूला असतात त्याच बाजूला, त्यांच्या मागे, वरच्या रांगेत बसा. त्यांचं बोलणं ऐकू येईल इतकं जवळ नको. तुमचं स्केटिंग त्यांना कुठल्या कोनातून दिसणार हे तिथूनच कळतं.

आमच्या वेळी सक्तीच्या आकृत्या असायच्या, म्हणजे ब्लेडने बर्फावर ठरलेली वर्तुळं काढायची. जागतिक स्पर्धेत त्या १९९० पर्यंत होत्या. तेव्हा जज बर्फावर उतरून, वाकून ब्लेडची रेघ बघायचे. आता ते कठड्याशी बसतात, तरी ताज्या बर्फावरची रेघ त्यांना दिसते, आणि कान तर असतातच. थोडा वेळ डोळे मिटून नुसतं ऐका. टो पिकने (ब्लेडच्या पुढच्या दातांनी) ढकलणाऱ्याचा प्रत्येक पायाला 'खर्र' आवाज येतो. एजवर नीट झुकलेला माणूस जवळजवळ मुका जातो. या पायरीवर निम्मं मर्म तिथेच आहे.

आणखी एक. तिघे जज आपापलं स्वतंत्र लिहितात, दोघांनी पास म्हटलं की पास. मध्येच कुणाला एखादा प्रकार पुन्हा करायला सांगितला तर त्याची कीव करू नका. त्या एका प्रकाराने निकाल बदलू शकतो, म्हणूनच पुन्हा बघतात.

मोहॉक
माझं मत थोडं वेगळं आहे. तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. काहींच्या डोक्यात पाहिलेली चूक बसते ती बसतेच. तुम्ही तशा असाल तर स्वतःच्या पायरीचे एकदोघेच बघा आणि उठा. आणि आपल्या टेस्टच्या दिवशी मात्र कुणाचंही बघू नका.

बर्फाळवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. आज जाऊन आले, जवळजवळ दोन तास बसले होते. आठवतंय तोवर लिहिते.

सगळ्यात आधी, रिंकच मोठी आहे! मी सराव करते ती २६ मीटर रुंद, ही ३० मीटर. माझी पाच अर्धी वर्तुळं आमच्या रिंकच्या रुंदीत बरोबर बसतात. इथे जवळजवळ सहा मावतात, फक्त प्रत्येक किंचित लहान करावं लागेल. चार ते सहा चालतात, म्हणजे नियमाला अडचण नाही. पण पाचवं संपल्यावर मी थांबले असते आणि समोर चार मीटर बर्फ रिकामा दिसून गोंधळले असते. हे घरी बसून कधीच लक्षात आलं नसतं.

दुसरं, माझ्याच पायरीची एक बाई होती, वयाने माझ्याएवढीच. सुरुवातीच्या जागेवर जाऊन उभी राहिली, हातमोजे काढून कमरेला खोचले, मागचा पाय टेकवला आणि लगेच न निघता एक पूर्ण श्वास घेतला. पहिल्या वर्तुळातला टर्न घासला, मला वरपर्यंत ऐकू आला. पण तिचे हात हलले नाहीत, खांदे वर आले नाहीत. बर्फ ताजा होता, पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती: टर्नपाशी रेघ जरा फाटलेली, पण वर्तुळ पुढे होतं तसंच गोल. ती पास झाली. मी तिला ओळखतही नाही, तरी माझे डोळे भरून आले.

पण आता नवाच प्रश्न पडलाय. तिथे कुणालाही तीन खेपा मिळत नाहीत! थोडासा वॉर्मअप, मग थांबायचं, अंग गार होतं, आणि नाव पुकारलं की एकदाच करून दाखवायचं. मी तर रोज तिसऱ्या खेपेसाठीच सराव करते आहे. पहिल्या खेपेचा सराव कसा करायचा?

जुनी_ब्लेड
नेमकं तेच बघून आलात, शाबास. रोज वॉर्मअप झाला की बर्फावरून बाहेर या, बाकावर दहा मिनिटं बसा. मग उतरा, वॉल्ट्झ एट एकदाच करा. कसंही होवो, लगेच पुन्हा करायचं नाही, दुसऱ्या कामाला लागायचं. दिवसातून दोनदा, बास. वर्तुळाचे तीन भाग, प्रत्येकाला सहा आकडे, मनात मोजत राहा. टर्न घासला तरी मोजणी मोडू द्यायची नाही. ती मोडली की वर्तुळ चपटं होतं. वर्तुळाचा व्यास तुमच्या उंचीच्या साधारण तिप्पट हवा, कोचना एकदा मोजून खुणा करायला सांगा.

ब्लेडला धार लावायची असेल तर टेस्टच्या आदल्या दिवशी नको. चारपाच दिवस आधी लावा, म्हणजे पायाला सवय होते.

आठचा_आकडा
सरावाला कुणाला तरी वही घेऊन कठड्याशी बसवा. प्रकार संपला की त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहायचं, बोलायचं नाही. मला दुसऱ्या टेस्टला याचाच उपयोग झाला.

बर्फाळवाट
आज केलं. दहा मिनिटं बाकावर, वही घेऊन मैत्रीण कठड्याशी. डावा टर्न घासलाच, पण सहाव्या आकड्यापर्यंत एज धरून ठेवला. मान वर करून बघितलं तर ती खरंच खाली बघून लिहीत होती. उद्या पुन्हा करते.