आरव्हीची (राहण्याची सोय असलेल्या गाडीची किंवा ट्रेलरची) खोली वॉटर हीटरवर तापवावी का?

रानवाट
अमेरिकेतल्या ट्रेलरमध्ये फर्नेसइतका (गरम हवेने खोली तापवणाऱ्या यंत्राइतका) आवाज आणि बॅटरीवर भार दुसऱ्या कशाचाच नसतो. नुसता त्याचा पंखाच १२ व्होल्टवर ७-८ अँपिअर ओढतो. सहा गॅलनचा प्रोपेन वॉटर हीटर मात्र अंघोळीपुरता चालतो. थंडी बेताची असेल तर खोली त्याच्यावरच तापवावी. जोडणी अशी: टाकीचं गरम पाणी छोट्या पंपाने प्लेट हीट एक्स्चेंजरमधून फिरवायचं; त्यात दोन पाणी न मिसळता पातळ पत्र्यांतून उष्णता एकीकडून दुसरीकडे जाते. पलीकडच्या बंद वळशात पाणी आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल (न गोठू देणारं द्रव) निम्मं-निम्मं, दुसरा पंप, तापून फुगणाऱ्या पाण्यासाठी छोटी एक्सपान्शन टाकी आणि पंख्यासह रेडिएटर.

तापमापी
सपशेल असहमत. आधी गणित करा. बर्नर तासाला १२,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं एकक), त्यातले पाऊण पाण्यात उतरले तर ९,०००, म्हणजे २.६ किलोवॉट. ट्रेलरचा फर्नेस ३०,००० बीटीयूच्या आसपास असतो. शिवाय बऱ्याच ट्रेलरमध्ये फर्नेसची गरम हवा पोटाखालच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्यांनाही जाते. तुमची खोली उबदार राहील आणि खाली सांडपाण्याचे व्हॉल्व गोठतील. हे नुकसान त्या रात्री कळतच नाही, पाणी सोडायला गेल्यावर कळतं.

रानवाट
फर्नेस काढा असं मी म्हणत नाही. गोठणबिंदूच्या वरच्या रात्रींसाठी, छोट्या व्हॅनला २.६ किलोवॉट भरपूर होतात. फिरताना पाण्याच्या तापमानात १० अंशांची घसरण धरली तर मिनिटाला पावणेचार लिटर प्रवाह पुरतो, त्याला अर्धा इंची पेक्स (प्लास्टिकची) नळी चालते.

तापमापी
आणि विजेची जोडणी असलेल्या कॅम्पग्राउंडवर? वॉटर हीटरची विजेवरची कॉइल १,४४० वॉटची. दुकानातला १,५०० वॉटचा साधा हीटर तेवढीच ऊब देतो, तीही नळ्या-पंपांशिवाय.

नळकाम
विजेच्या बाबतीत तापमापी बरोबर आहेत, तिथे हा खटाटोप व्यर्थ. प्रोपेनवर करायचं असेल तर चुका कुठे होतात ते सांगतो. पहिली आणि सर्वांत घातक: एक्स्चेंजर वगळून पिण्याचं पाणी थेट गाडीच्या हीटर कोअरमधून (इंजिनच्या उष्णतेवर केबिन तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरमधून) फिरवणं. तो कोअर पिण्याच्या पाण्यासाठी बनलेला नसतो, आणि कोमट पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढतो. बंद वळशातही इथिलीन ग्लायकॉल कधीच नको. प्लेटला चीर गेली तर ते विष नळात येईल.

दुसरी गोष्ट हवेची. टाकीत वर हवेची गादी असते, ती पाण्याच्या फुगण्याला जागा देते. पाणी सतत फिरलं की ती लवकर विरते आणि रिलीफ व्हॉल्व (जादा दाब सोडणारा) ठिबकतो. लोक व्हॉल्व बदलत बसतात! त्याऐवजी गरम बाजूला छोटा अ‍ॅक्युम्युलेटर (पाण्याच्या फुगण्याला जागा देणारी हवाभरली टाकी) बसवा.

तिसरी: टाकी सतत ५० अंश सेल्सिअसखाली राहिली तर धुराच्या नळीत ओल धरते आणि ती गंजते. गरम नळीवर चिकटवायचा थर्मोस्टॅट लावून ५० अंशांखाली टाकीकडचा पंप बंद पडेल असं करा.

तापमापी
त्या थर्मोस्टॅटमुळे गंजण्याची भीती मिटली. टाक्या गोठण्याचा माझा आक्षेप मात्र कायम आहे. उणे तापमानाचा अंदाज असेल त्या रात्री फर्नेसच लावा.