३ लाख ८० हजार किलोमीटर झालेली डिझेल पिकअप दहा लाखांपर्यंत न्यायची आहे, कोठे लक्ष द्यावे?

तासगावकर_बागायतदार

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१८ सालची बीएस ४ डिझेल पिकअप असून ती आजवर ३ लाख ८० हजार किलोमीटर चालली आहे. हंगामात द्राक्षे आणि बेदाणा, एरवी भाजीपाला घेऊन वाशीच्या बाजारात जाणे आणि आठवड्यातून एखादी खेप कुंभार्ली घाटाने चिपळूणला टाकणे, असे वर्षाकाठी साधारण ६० हजार किलोमीटर होतात. वडिलांनी आणि मी मिळून घेतलेली ही पहिली गाडी. कर्जाचे हप्ते फिटले आहेत आणि ती विकायचे मनात नाही. आणखी दहा वर्षे तिच्यावरच धंदा करावा असे ठरवले आहे.

दर १० हजार किलोमीटरला मी इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलतो, परंतु अलीकडे त्या दरम्यान सुमारे दीड लिटर ऑइल वरून घालावे लागते. घाटात ओढ थोडी कमी झाल्यासारखी वाटते, धूर मात्र दिसण्याइतका नाही. आमचे फिटर म्हणतात की पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, हाफ इंजिनचे काम (इंजिन उघडून पिस्टन, रिंगा वगैरे बदलणे) करून घ्या. ज्यांनी अशा गाड्या सात-आठ लाखांच्या पुढे नेल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे की इंजिन आताच उघडावे का, आणि पुढच्या काळात कशाला जपावे.

कराड_गॅरेज

तासगावकर, इंजिन उघडण्याची घाई अजिबात करू नका. १० हजारांना दीड लिटर म्हणजे हजार किलोमीटरला दीडशे मिली झाले, आणि एवढे चाललेल्या, भरलेल्या गाडीने घाटात तेवढे ऑइल खाल्ले म्हणून बोअर-पिस्टनला (सिलिंडरची आतली भिंत आणि त्यात वर-खाली होणारा दट्ट्या) हात लावणे मला पटत नाही. आधी बाहेरची गळती पाहा, टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) तोंडाशी ऑइल साचते का ते पाहा, इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण काढून बॅक कंप्रेशन (रिंगांच्या कडेने खाली येणारा वायू) किती मारते ते पाहा, आणि त्यानंतर चारही सिलिंडरचे कंप्रेशन मोजून आकडे कागदावर लिहून घ्या. चारही आकडे चांगले आणि एकमेकांच्या जवळ असतील तर रिंगा गेल्या असे नुसत्या अंदाजाने म्हणता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. गेली सत्तावीस वर्षे मी इंजिने उघडतो आहे, आणि माझ्याकडे अकाली आलेल्या बहुतेक इंजिनांना किलोमीटरने नव्हे तर धुळीने मारलेले होते. मागच्या उन्हाळ्यात माण भागातील एक पिकअप आली. मालक अतिशय काळजी घेणारे, प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती जपून ठेवणारे, ऑइल चांगल्यातले, तरीही २ लाख १० हजारांवर गाडी निळा धूर ओकत होती. एअर फिल्टर काढला तर तो नवा होता. मग फिल्टरच्या डब्यापासून टर्बोकडे जाणारी रबरी नळी सोडली आणि आत बोट फिरवले, तर बोटाला ज्वारीच्या पिठासारखी बारीक माती लागली. नळीला क्लिपच्या खाली, वरून दिसणार नाही अशा जागी, नखाएवढी चीर होती. इंजिन उघडल्यावर बोअरमधील होनिंगच्या (ऑइल धरून ठेवण्यासाठी मुद्दाम घासून काढलेल्या) तिरक्या रेषा पूर्ण पुसलेल्या निघाल्या. मातीतील सिलिका ही लोखंडाला पॉलिश पेपरसारखीच लागते, आणि फिल्टरनंतरच्या नळीतून शिरलेल्या धुळीला अडवणारे पुढे काहीच नसते.

तुमचे बागेतले रस्ते कच्चे आहेत, त्यात ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून तासन्‌तास चालावे लागते, म्हणून हे एवढे सविस्तर लिहितो आहे. फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने मारून पुन्हा पुन्हा वापरण्याची आपल्याकडे जी सवय आहे ती कृपया सोडा. त्या जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. जरासा मळलेला अखंड फिल्टर अशा स्वच्छ दिसणाऱ्या फिल्टरपेक्षा कितीतरी चांगला, आणि वेळ झाली की सरळ नवा घालावा.

दुसरे म्हणजे पाणी. गरम होते म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला असेल तर तो परत बसवून घ्या, कारण नेहमी थंड चालणाऱ्या इंजिनात डिझेल पुरते जळत नाही, ते रिंगांच्या कडेने खाली उतरून ऑइल पातळ करते आणि झीज वाढते. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरावे. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा नळ दर आठवड्याला, पावसाळ्यात त्याहून लवकर सोडावा. कॉमन रेलच्या (एकाच सामायिक नळीतून जोराच्या दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पद्धतीच्या) इंजेक्टरमध्ये दाब १,००० बारच्या कितीतरी वर जातो आणि आतले भाग एकमेकांत काही मायक्रॉनच्या फटीने बसलेले असतात, तेथे पाण्याचा थेंबही महाग पडतो. कॅनमधले सुटे डिझेल तर अडचणीच्या वेळीसुद्धा घेऊ नये.

ऑइल १५ डब्ल्यू ४०, सीआय ४ प्लस दर्जाचे घ्या आणि तुमच्या कामासाठी बदलण्याचे अंतर १० हजारांवरून साडेसात हजारांवर आणा. ज्यांच्याकडे बीएस ६ गाडी आहे त्यांनी मात्र हा दर्जा वापरू नये. धुराड्यातील फिल्टर चोंदू नये म्हणून त्या गाड्यांना कमी राख सोडणारे ऑइल लागते, तेव्हा पुस्तिकेत दिलेले तेच घालावे.

कोरेगाव_निवृत्त_चालक

मी एसटीमध्ये एकतीस वर्षे चालक होतो आणि त्यातील बरीच वर्षे घाटमार्गांवर गेली, त्यामुळे यंत्रापेक्षा चालवण्याबद्दल लिहितो.

हेळवाक सोडून कुंभार्ली उतरताना, जो गिअर चढताना लागला असता त्याच गिअरमध्ये गाडी ठेवा, इंजिनच्या जोरावर तिला रोखा आणि ब्रेक थोडा थोडा, सोडून सोडून लावा. पोफळीला पोचल्यावर चाकांजवळ हात नेऊन पाहा. ड्रमची धग लांबूनच लागत असेल तर उतार ब्रेकवर काढला आहे असे समजा. अशा तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी मारणारी मुले मी घाटाखाली नेहमी पाहतो. तसे केल्याने ड्रमला तडे जातात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि मग तापल्यावर त्यात वाफ होऊन पेडल तळाला जाते, म्हणून ते दोन वर्षांनी बदललेच पाहिजे.

वाशीहून परतताना खंबाटकी घाट चढून आल्यावर चहासाठी थांबलात तर किल्ली लगेच फिरवू नका. दोन मिनिटे इंजिन मंद चालू द्या. लाल झालेल्या टर्बोच्या बेअरिंगमधले ऑइल, पुरवठा एकदम थांबला की, जागेवरच जळून त्याचा कोळसा होतो. सकाळीही गाडी चालू केल्या केल्या रेस न करता पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने न्यावी. क्लचवर पाय ठेवून चालवू नये हे वेगळे सांगायला नको.

आणि भार. आरसी बुकावर जे वजन लिहिले आहे त्याच्या दीडपट माल भरणारे रोज दिसतात. पाटे तुटतात ते दिसते, परंतु हब बेअरिंग, क्राऊन (मागच्या अ‍ॅक्सलमधले मोठे दातेरी चाक) आणि क्लच प्लेट आतून झिजत असतात ते दिसत नाही. दोन क्रेट कमी न्या. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, दर महिन्याला ग्रीस द्या आणि पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यात द्या.

एक वही गाडीत ठेवा. किती किलोमीटरला किती ऑइल घातले, किती डिझेल भरले, कोणता भाग बदलला हे त्याच दिवशी लिहा. आगारात आम्ही लॉगशीटवर नोंद करत असू, आणि गाडी बिघडण्याच्या महिनाभर आधी त्या नोंदींमध्येच फरक दिसू लागे.

मिरज_पासिंग

एक कागदोपत्री मुद्दा. दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद करावी लागते अशी भीती अनेकांना असते, पण ते आदेश दिल्ली परिसरापुरते आहेत. आपल्याकडे आठ वर्षे पूर्ण झालेल्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग (आरटीओची योग्यता तपासणी) करावे लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो, तेवढी तजवीज ठेवा. तसेच भाजीचे पाणी हौद्यातून चासीवर ठिबकत राहते आणि पावसाळ्यात कोकणातला ओलावा त्यात भर घालतो. इंजिन दहा लाखांना पोचले आणि चासी आधीच कुजली, असे होऊ नये म्हणून प्रत्येक पावसाळ्याअगोदर खालून धुऊन, वाळवून, गंजरोधक लेप द्यावा.

तासगावकर_बागायतदार

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी कराडच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे फिल्टर ते टर्बो ही नळी सोडली. चीर नाही, परंतु टर्बोकडची क्लिप हाताने फिरते इतकी सैल होती आणि नळीच्या तोंडाशी आत बोट फिरवल्यावर तांबूस धूळ लागली. मार्चमध्ये टर्बोचे काम करून घेतले तेव्हा ती नीट आवळली गेली नसावी. मधल्या काळात गाडी २२ हजार किलोमीटर चालली आहे, आणि ऑइल वाढल्याचे माझ्या लक्षात आले तेही त्याच महिन्यांत. थर्मोस्टॅट काढलेलाच निघाला, तो उद्या बसवून घेतो. आता नुसती क्लिप आवळून गाडी चालू करू का?

कराड_गॅरेज

चालू करू नका. नळीत राहिलेली धूळ पहिल्या झटक्याला आत ओढली जाईल. टर्बोच्या आधीची नळी काढून आतून ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, टर्बोच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा बोथट झाल्या आहेत का ते उजेडात पाहा, इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) नळ्याही उतरवून स्वच्छ करा, आणि मगच नवी क्लिप घालून आवळा. ऑइल आणि फिल्टर याच वेळी बदला. त्यानंतर कंप्रेशन मोजून चारही आकडे येथे लिहा आणि पुढच्या दोन हजार किलोमीटरमध्ये किती ऑइल लागते ते वहीत टिपा. तोपर्यंत हाफ इंजिनच्या कामाचा आगाऊ पैसा कोणाला देऊ नका.