मदत हवी आहे : एआय कोडिंग सहायकांच्या सूचना-फाइली कशा मांडाव्यात?

नमस्कार.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी काम करते. सहकारी गृहनिर्माण संस्थांची मासिक देयके, थकबाकी, पावत्या आणि सिंकिंग फंड यांचा हिशेब ठेवणारी प्रणाली आम्ही बनवतो. त्याच कोडमध्ये पतसंस्थांच्या ठेवींचाही एक विभाग आहे, कारण कंपनीचे काम मुळात तेथूनच सुरू झाले. बॅकएंड, म्हणजे पडद्यामागचा भाग, जँगो आणि पोस्टग्रेसवर आहे, आणि वापरणाऱ्याला दिसणारा फ्रंटएंड रिअ‍ॅक्टमध्ये. आमच्या टीममध्ये एआय सहायक सगळेच वापरतात, मात्र साधन प्रत्येकाचे वेगळे आहे. कोणी व्हीएस कोडमध्ये गिटहब कोपायलट वापरतो, कोणी टर्मिनलमध्ये क्लॉड कोड, तर कोणी कर्सर. या साधनांना कायमस्वरूपी सूचना देणाऱ्या फाइली नीट कशा मांडाव्यात, याबद्दल मला मार्गदर्शन हवे आहे.

सध्या आमच्या रिपॉझिटरीत (कोडच्या सामायिक साठ्यात) तीन ठिकाणी सूचना आहेत. कोपायलटसाठी ‘.गिटहब’ फोल्डरमध्ये ‘कोपायलट-इन्स्ट्रक्शन्स.एमडी’, क्लॉड कोडसाठी मुळाशी (सर्वांत वरच्या फोल्डरात) ‘क्लॉड.एमडी’ आणि कर्सरसाठी ‘.कर्सर/रूल्स’ या फोल्डरमध्ये ‘एमडीसी’ प्रकारच्या फाइली. मजकूर बहुतांशी एकच आहे, पण एका फाइलीतला नियम सुधारला की उरलेल्या दोन तशाच राहतात. बिनभोगवटा शुल्काचेच पाहा. सदनिका भाड्याने दिलेल्या सभासदाकडून हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येते, आणि सेवा शुल्क धरताना महापालिकेचे कर वगळावे लागतात. टक्केवारीची मर्यादा तिन्ही फाइलींत आहे, कर वगळण्याची अट मात्र एकीतच आहे. साहजिकच, कोणता सहकारी कोणते साधन वापरतो यावर आमचा हिशेब अवलंबून राहू लागला आहे, आणि ज्यांच्या देयकावर ही रक्कम छापली जाते त्या सभासदांच्या दृष्टीने ही गंभीर गोष्ट आहे.

दुसरी अडचण मला अधिक सतावते. संस्थेच्या थकबाकीवर उपविधींनुसार सरळ व्याज आकारायचे असते आणि दर सर्वसाधारण सभा ठरवते. हे वाक्य सूचना-फाइलीत स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही अलीकडे एका सहायकाने थकबाकीचे जे फंक्शन (हिशेब करणारा कोडचा तुकडा) लिहून दिले, त्यात दर महिन्याचे व्याज मुद्दलात मिळवून पुढच्या महिन्याचे व्याज काढलेले होते. समजा १०,००० रुपयांची थकबाकी आहे आणि वार्षिक दर २१ टक्के आहे. सरळ व्याजाने महिन्याला १७५ रुपये, म्हणजे वर्षअखेर २,१०० रुपये होतात. त्या फंक्शनप्रमाणे २,३१४ रुपये येत होते. कोड वाचायला सुबक, फंक्शनांची नावे नेमकी, वर टिप्पणीही व्यवस्थित. तपासणीत आकडे मांडून पाहिले म्हणूनच चूक सापडली.

मुळाशी असलेली फाइल आता बरीच लांबली आहे. आरंभी कंपनीचा परिचय, मग फोल्डरांची संपूर्ण यादी, मग नावे देण्याचे संकेत, मग ‘उत्तम दर्जाचा, वाचनीय कोड लिहा’ अशा अर्थाची वाक्ये, आणि व्याजाचा नियम अगदी शेवटी. मला विचारायचे आहे ते असे: तिन्ही साधनांना पुरेल अशी एकच फाइल ठेवता येते का? सर्वत्र लागू असलेले नियम आणि केवळ देयकांच्या विभागाचे नियम यांची विभागणी कशी करावी? फाइल खरोखर वाचली जाते की नाही, हे कसे तपासावे? सूचना मराठीत लिहिल्या तर चालतील का, हेही सांगावे, कारण आमचे हिशेबतज्ज्ञ नियम मराठीतच लिहून देतात आणि तेच शब्द राहिले तर त्यांना फाइल स्वतः तपासता येईल.

प्रतिसाद १

मी ऐरोलीत अशाच प्रकारचे काम करतो. तुमच्या प्रश्नांपैकी तपासणीचा प्रश्न मी आधी घेतो, कारण फाइल वाचली गेली की नाही हे ठाऊक नसताना तिच्यातली वाक्ये बदलत राहण्यात काहीच हशील नाही. कोपायलटच्या चॅटमध्ये उत्तरासोबत संदर्भांची यादी उघडता येते. तीत सूचना-फाइलीचे नाव दिसले पाहिजे. क्लॉड कोडमध्ये ‘/मेमरी’ हा आदेश दिला की कोणत्या फाइली घेतल्या आहेत ते कळते. इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. व्हीएस कोडमध्ये टाइप करता करता करड्या अक्षरांत जी कोपायलटची सूचना उमटते, तिला या फाइली लागूच होत नाहीत. त्या चॅटसाठी आणि एजंटसाठी (स्वतःहून फाइली बदलणाऱ्या सहायकासाठी) असतात. तेव्हा ते व्याजाचे फंक्शन चॅटमधून आले की ओळ पूर्ण करताना टॅब दाबून आले, हे संबंधित सहकाऱ्याला आधी विचारा.

तुम्ही पतसंस्थेच्या ठेवींचा उल्लेख केला आहे. ठेवींवर चक्रवाढ व्याज असणे रास्तच आहे, आणि तो कोड त्याच रिपॉझिटरीत आहे. सहायक आजूबाजूचा कोड पाहून त्याचे अनुकरण करतो. एका बाजूला फाइलीच्या तळाशी एक वाक्य आणि दुसऱ्या बाजूला ‘व्याज’ या नावाचे, चाचण्यांसह नांदणारे अख्खे मॉड्यूल, अशी स्थिती असेल तर मॉड्यूलचे पारडे जड होणारच. म्हणून नुसते ‘सरळ व्याज वापरा’ असे न लिहिता कारण आणि उदाहरण दोन्ही द्या: “संस्थेच्या थकबाकीवर फक्त सरळ व्याज. ठेवी विभागातील व्याजाचे फंक्शन येथे वापरू नये, त्यात चक्रवाढ आहे. १०,००० रुपये, २१ टक्के, १२ महिने, उत्तर २,१००.” उदाहरणातला आकडा असला की सहायकाला स्वतःचे उत्तर पडताळून पाहता येते, आणि तुमच्या हिशेबतज्ज्ञांनाही ती ओळ वाचून बरोबर की चूक ते सांगता येते.

एकच फाइल ठेवण्याबाबत: मुळाशी ‘एजंट्स.एमडी’ ठेवा. २०२५ पासून हा खुला संकेत रूढ झाला आहे. कोपायलट, कर्सर आणि ओपनएआयचे कोडेक्स ही फाइल वाचतात. क्लॉड कोड मात्र ‘क्लॉड.एमडी’ शोधतो; त्या फाइलीत अ‍ॅट चिन्हापुढे ‘एजंट्स.एमडी’ एवढे लिहिले की तो मूळ मजकूर आत ओढून घेतो. म्हणजे मजकूर एका ठिकाणी आणि बाकी सारे केवळ बोट दाखवणारे. काही जण यासाठी सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारा दुवा) करतात, पण टीममध्ये विंडोजची यंत्रे असतील तर तो मार्ग मी सुचवणार नाही. गिटमधील (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातील) सिमलिंक तेथे सरळ उतरत नाहीत आणि फाइलीच्या जागी नुसता पत्ता लिहिलेला मजकूर येतो.

विभागणीसाठी माझा निकष असा आहे की जे प्रत्येक कामाला लागते तेवढेच मुळाशी ठेवावे: प्रकल्प कसा चालवायचा, चाचण्या कोणत्या आदेशाने चालतात, पैशांसाठी फ्लोट (अंदाजे दशांश) न वापरता डेसिमल (अचूक दशांश) वापरायचे, मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या) जुन्या फाइलींना हात लावायचा नाही. फोल्डरांची यादी काढून टाका. ती सहायकाला स्वतः पाहता येते आणि चार महिन्यांनी ती खोटी ठरते. ‘उत्तम दर्जाचा कोड’ हेही काढा, त्यातून करण्यासारखे काहीच निघत नाही. इंडेंट आणि अवतरणचिन्हांचे नियम फॉरमॅटरकडे (कोडची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनाकडे) सोपवा. क्लॉड कोडच्या दस्तऐवजांत अशी फाइल २०० ओळींच्या आत ठेवण्याचा सल्ला आहे, आणि तो इतर साधनांनाही लागू पडतो असे मला वाटते, कारण प्रत्येक ओळ प्रत्येक संभाषणात संदर्भाची (मॉडेलला एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुराची) जागा अडवते.

देयकांचे नियम त्या विभागापुरते ठेवा. कोपायलटमध्ये ‘.गिटहब/इन्स्ट्रक्शन्स’ फोल्डरात स्वतंत्र फाइल करून तिच्या शीर्षभागात ‘अप्लाय-टू’ समोर फोल्डरचा नमुना लिहितात. कर्सरमध्ये हेच काम ‘ग्लोब्ज’ करते. क्लॉड कोडमध्ये त्या उपफोल्डरात वेगळी ‘क्लॉड.एमडी’ ठेवली की तेथील फाइली वाचताना ती आपोआप घेतली जाते. पुन्हा तीन प्रती होऊ नयेत म्हणून प्रत्यक्ष नियम ‘दस्तऐवज/देयक-नियम’ अशा एकाच फाइलीत लिहा आणि या तिन्ही छोट्या फाइलींत “देयकांचा कोड बदलण्यापूर्वी ही फाइल वाचावी” एवढेच म्हणा.

मराठीत लिहायला हरकत नाही. आजची मोठी मॉडेल मराठी सूचना समजतात. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा अधिक टोकन (मॉडेल मजकुराचे करते ते तुकडे) लागतात, म्हणून सर्वत्र लागू होणारी फाइल मी इंग्रजीत ठेवेन आणि हिशेबाचे नियम मराठीत. नियम चुकीचा उतरण्यापेक्षा चार टोकन जास्त गेलेले परवडतात.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. दोनच गोष्टी जोडते. सूचना-फाइल ही विनंती असते, तिच्यात बंधन नसते. मॉडेल ती पाळेलच अशी हमी कोणतेही साधन देत नाही. जे मोडून चालणारच नाही, ते चाचणीत किंवा सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप होणाऱ्या तपासणीत) असले पाहिजे. २,१०० रुपयांचे ते उदाहरण चाचणी म्हणून लिहा. ठेवी विभागातून देयक विभागात काही इम्पोर्ट झाले तर बिल्ड थांबेल, असा लिंटचा (कोड आपोआप तपासणाऱ्या साधनाचा) नियमही लावता येतो. शिवाय या फाइली कोडइतक्याच महत्त्वाच्या समजून त्यांतील बदल पुल रिक्वेस्टमधूनच (इतरांनी तपासून मान्य करायच्या प्रस्तावातूनच) येऊ द्या, आणि ‘कोडओनर्स’ या फाइलीत (कोणत्या फाइलीला कोण जबाबदार हे तीत लिहितात) देयक-नियमांच्या फाइलीसमोर जबाबदार व्यक्ती नेमा.

दुसरे असे की सूचना-फाइल रिपॉझिटरीत जाते, म्हणून तिच्यात पासवर्ड, डेटाबेसचा पत्ता किंवा एखाद्या संस्थेच्या सभासदांची खरी नावे आणि सदनिका क्रमांक उदाहरणादाखलही लिहू नका. स्वतःच्या यंत्रापुरत्या गोष्टी वैयक्तिक फाइलीत ठेवा आणि ती ‘गिटइग्नोर’मध्ये (रिपॉझिटरीत जाऊ नयेत अशा फाइलींच्या यादीत) घाला.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. सहकाऱ्याला विचारले, ते फंक्शन टॅब दाबूनच आले होते आणि त्या वेळी ठेवी विभागाची फाइल शेजारी उघडी होती. तेच काम चॅटमधून करून घेतले तेव्हा संदर्भांच्या यादीत आमची सूचना-फाइल होती आणि व्याज सरळ होते. तीच ओळ पुन्हा हाताने लिहायला घेतली तर करड्या अक्षरांत परत चक्रवाढ. म्हणजे माझा निम्मा प्रश्न फाइलीच्या मांडणीचा नव्हताच.

चाचणी लिहिली आहे. मुळाशी ‘एजंट्स.एमडी’ केली असून फोल्डरांची यादी आणि परिचय काढले आहेत. देयक-नियमांची फाइल मराठीत लिहून हिशेबतज्ज्ञांकडे पाठवली, तेव्हा त्यांनी पहिल्याच वाचनात एक त्रुटी दाखवली: सभासदाने अंशतः रक्कम भरल्यास ती आधी व्याजात वळती करायची की मुद्दलात, हे आम्ही कोठेच लिहिलेले नव्हते. ते आता प्रत्येक संस्थेच्या ठरावानुसार सेटिंगमध्ये येईल आणि सूचनेत एवढेच राहील की सहायकाने हा क्रम स्वतः ठरवू नये, सेटिंगमधून घ्यावा.

एक शंका उरली आहे. उपफोल्डरातील ‘एजंट्स.एमडी’ आणि मुळातील ‘एजंट्स.एमडी’ यांत विरोध आला तर कोणती ग्राह्य धरली जाते?

प्रतिसाद १

ज्या फाइलीवर काम चालू आहे तिच्या सर्वांत जवळची ग्राह्य धरावी, असा त्या संकेताचा नियम आहे. पण उपफोल्डरातील फाइली वाचण्याची सोय प्रत्येक साधनात सारखी नसते, काही ठिकाणी सेटिंग चालू करावी लागते. त्यामुळे दोन्हींत विरोध येईल असे लिहूच नये हे उत्तम. मुळातल्या फाइलीत व्याजाबद्दल एक शब्दही ठेवू नका. तो विषय फक्त देयक-नियमांच्या फाइलीत असू द्या.