बायकोचा पगार वाढला आणि हप्ता माझा वाढला: कॅनडातल्या बँकरप्सीतला 'सरप्लस'

रात्रपाळी
काल 'कर्जमुक्त' यांनी लिहिलं होतं, "बँकरप्सी घेतल्यावर पगार वाढला तर रडायचं कशाला? वाढीतले निम्मे तुमच्याच खिशात राहतात. आणि दोघं कमावत असाल तर दोघांचा पगार धरणारच, एकाच घरात राहता ना?" हे वाचून रात्रभर कामावर डोकं तापलेलं होतं. म्हणून सविस्तर लिहितोय. नवीन वाचणाऱ्यांसाठी: बँकरप्सी म्हणजे दिवाळखोरी. ती घेतल्यावर सरकारने ठरवलेल्या उत्पन्नाच्या रेषेच्या वर जे मिळतं तो 'सरप्लस', आणि तो दोनशे डॉलर किंवा जास्त असेल तर त्यातले निम्मे हप्ता म्हणून भरायचे.

"निम्मे राहतात" हे अर्धसत्य आहे. 2024 सालची एकट्या माणसाची रेषा घ्या: हातात पडणारे महिना 2,666 डॉलर. त्याला 2,856 मिळाले तर सरप्लस 190. दोनशेच्या आत, म्हणजे सरप्लसचा हप्ता नाही आणि पहिलीच बँकरप्सी असेल तर नऊ महिन्यांत डिस्चार्ज, म्हणजे कर्जातून सुटका. आता त्याला वीस डॉलर जास्त मिळाले असं धरा. सरप्लस 210 झाला, हप्ता 105 लागला, आणि मुदत नऊवरून थेट 21 महिन्यांवर गेली. 105 गुणिले 21 म्हणजे 2,205 डॉलर. महिना वीस डॉलरच्या वाढीसाठी! वर आणखी बारा महिने पे-स्टब, म्हणजे पगाराची स्लिप, पाठवा, खर्चाचा फॉर्म भरा, क्रेडिट सुधारायची वाट बघा. यात निम्मे कुठे राहिले ते कर्जमुक्त यांनी दाखवून द्यावं.

दुसरी गोष्ट घराच्या उत्पन्नाची. माझ्या हातात 3,000 येतात, बायकोला पार्ट-टाइमचे 2,000 यायचे. आम्ही तिघं. तिघांची रेषा सोपी म्हणून 4,000 धरतो. एकूण 5,000, सरप्लस 1,000, त्याचे निम्मे 500. घरच्या कमाईत माझा वाटा साठ टक्के, म्हणून हप्ता 300. मग नर्सिंग होममध्ये तिचे तास वाढले आणि तिचे 2,500 झाले. घराचे 5,500, सरप्लस 1,500, निम्मे 750, माझा वाटा आता साडेचोपन्न टक्के. हप्ता 409. त्या महिन्याच्या फॉर्मवर माझ्या पगाराच्या रकान्यात मागच्या महिन्याचाच आकडा होता, सेंटाचाही फरक नाही. बदलला तो तिचा रकाना, आणि पैसे माझ्या नावावर वाढले. कर्ज माझं होतं. तिने एका कागदावरही सही केलेली नाही.

कर्जमुक्त
माझं अख्खं वाक्य दिलंत, बरं केलंत. मी त्यावर ठाम आहे. तुमच्याच आकड्यांनी घरात पाचशे जास्त आले आणि 109 गेले. 391 घरात राहिले ना? मग तक्रार नेमकी कसली?

हिशेबी_मिसिसागा
रात्रपाळी, गणित बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. घर मोजण्याचा नियम दोन्ही बाजूंनी चालतो. उद्या तुमची बायको घरी बसली आणि तुमचे 3,000 तसेच राहिले, तर तिघांची रेषा 4,000, म्हणजे सरप्लसच नाही, हप्ता शून्य. तेव्हा "बायको-मुलगी घरात मोजू नका" असं कोणी म्हणेल का? माणसं वाढली की रेषा वर जाते त्याचा फायदा हवा, पण त्याच माणसांचा पगार मोजायचा नाही, हे कसं चालेल?

वीस डॉलरचं उदाहरणही थोडं ताणलंय. कोणा एका महिन्याच्या पगारावर 21 महिने ठरत नाहीत. पहिल्या बँकरप्सीत सातव्या महिन्याच्या सुमारास ट्रस्टी, म्हणजे बँकरप्सीचं काम बघणारा परवानाधारक, उत्पन्नाची सरासरी काढतो. दोन आठवड्यांनी पगार मिळणाऱ्याला एखाद्या महिन्यात तीन चेक आले म्हणून तो अडकत नाही. आणि ज्याला सरप्लस नाही तो नऊ महिने फुकट सुटतो असंही नाही. ट्रस्टीची फी असतेच, बहुतेकांना ती महिन्याच्या हप्त्याने द्यावी लागते. 2,205 ची तुलना शून्याशी केलीत, ती करू नका.

रात्रपाळी
फीचं मान्य. फरक पूर्ण 2,205 चा नाही, कमी आहे. पण बारा महिन्यांचं काय? ते कुठल्या फीतून वळते करणार?

आणि तुमचाच नियम उलटा लावून बघा. मी एकटा राहत असतो तर 3,000 वजा 2,666, म्हणजे 334, निम्मे 167. बायको-मुलीसोबत राहतो म्हणून 409. संसार केल्याचा दंड महिना 242 डॉलर.

हिशेबी_मिसिसागा
एकटे राहिलात तर भाडंही एकट्याने भरावं लागेल, ते धरलंत का? दोघांच्या पगारात एकच भाडं, एकच इंटरनेट. कायदा तेवढंच बघतो.

कॅल्गरीची_मावशी
हिशेबी, तुम्ही कधी त्या घरातली "दुसरी" व्यक्ती होतात का? मी होते. नवऱ्याचा धंदा बुडाला, त्याने बँकरप्सी घेतली. दर महिन्याला माझा पे-स्टब त्याच्या ट्रस्टीकडे. मी किती तास केले, केव्हा आजारी रजा घेतली, सगळं एका परक्या माणसाच्या फाइलमध्ये. आमच्याकडे डबल शिफ्ट घेतली की पैसे बरे मिळतात. मी घ्यायचे बंद केलं, कारण प्रत्येक जादा शिफ्टनंतर घरात तोच विषय: "तुझ्यामुळे हप्ता वाढला." नवरा-बायकोत हे वाक्य उच्चारलं जातं तेव्हा काय होतं, ते फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहायचं?

कायदा सांगतो की माझ्यावर त्याच्या कर्जाची जबाबदारी नाही. कागदावर नाही. किराण्याचे पैसे माझ्या पगारातून गेले, कारण त्याचे हप्त्यात गेले. सांगा आता, कर्ज कोणी फेडलं?

हिशेबी_मिसिसागा
मावशी, याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एक, मुलं लहान असतील आणि जादा शिफ्टमुळे डेकेअर वाढलं असेल, तर तो खर्च उत्पन्नातून वजा होतो, पावत्या द्यायच्या. पोटगी, आजारपणाचा खर्च, कोर्टाचे दंड, नोकरीसाठी करावा लागणारा खर्च, हेही वजा होतात. बरेच जण मागतच नाहीत.

स्कारबरोकर
या यादीवरच मला बोलायचंय. आई-वडिलांना पाठवलेले पैसे यात का नाहीत? माझी आई सांगलीत, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी महिन्याला 400 डॉलर पाठवायचो. ट्रस्टीला बँकेच्या सगळ्या नोंदी दाखवल्या, डॉक्टरांची कागदपत्रं दाखवली. तो म्हणाला, "हा तुमच्या घरचा खर्च नाही." माझ्या आईचं डायलिसिस माझ्या घरचा खर्च नाही!

आणि पुढचं ऐका. आमच्या ओळखीत एकाची आई सुपर व्हिसावर (आई-वडिलांसाठीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा) इथे आली, मुलाच्याच घरी राहते, त्याच्याच पैशावर. तिला ट्रस्टीने घरातली व्यक्ती म्हणून मोजलं, त्याची रेषा वर गेली, हप्ता उतरला. आई इथे असली तर घरची आणि तिथे असली तर परकी. हा कुठला न्याय?

वसुली
आता माझं ऐका, कारण या धाग्यावर सगळे देणेकरीच दिसतात. माझा ड्रायवॉलचा छोटा धंदा आहे. एका गिऱ्हाइकाने बेसमेंट करून घेतलं, 11,000 डॉलरचं बिल थकवलं आणि बँकरप्सी घेतली. मजुरांना मी माझ्या लाइन ऑफ क्रेडिटवरून पगार दिले. शेवटी ट्रस्टीकडून जो चेक आला, त्यात एक दिवसाची मजुरी निघाली नसती. त्या वाटपात सरप्लसचे पैसे हीच काय ती आशा असते. तुम्ही आईला पाठवलेले 400 माझ्यासारख्याच्या खिशातले आहेत, भाऊ. तुमच्या आईबद्दल आदर आहे, पण दानधर्म स्वतःच्या पैशाने करावा.

स्कारबरोकर
आईच्या उपचाराला दानधर्म म्हणणाऱ्याशी मला बोलायचं नाही. माझी कर्जं बँकांच्या क्रेडिट कार्डांची होती, कोणा मजुराची नव्हती.

वसुली
कार्ड बँकेचं होतं म्हणून पैसे कोणाचेच नव्हते का? आणि सांगलीत भावंडं नाहीत का तुम्हाला? घर-जमीन त्यांनी घ्यायची आणि डायलिसिस कॅनडातल्या धनकोंनी करायचं?

स्कारबरोकर
माझ्या भावाचा विषय काढायचं कारण नव्हतं. तो दर डायलिसिसला आईला रिक्षाने नेतो, चार तास बसतो, त्यासाठी त्याने नोकरी सोडली. तो शरीराने करतो, मी पैशाने करत होतो. आमच्यात ते ठरलं होतं. माझे पैसे थांबले तेव्हा त्याने सोसायटीतून कर्ज काढलं. म्हणजे इथली बँकरप्सी फिरून सांगलीत पोचली. तुमच्या 11,000 बद्दल मी वाईट शब्द काढला नाही, तुम्ही माझ्या घरात शिरलात.

कॅल्गरीची_मावशी
वसुली, हे बोलणं शोभलं नाही.

वसुली
भावाबद्दल बोललो ते मागे घेतो. पैशांबद्दल नाही. परदेशी पाठवलेल्या पैशाची वजावट एकदा दिली की प्रत्येक बँकरप्ट माणूस पैसे बाहेर पाठवू लागेल, आणि ट्रस्टीने काय सांगलीला जाऊन पावत्या तपासायच्या?

एडमंटनवाला
अहो, मूळ प्रश्न हप्त्याचा होता. रात्रपाळी, तुम्ही कन्झ्युमर प्रपोजल, म्हणजे बँकरप्सीऐवजी धनकोंशी ठरलेल्या हप्त्याचा करार, का नाही केलं? मी केलं. घराचं मॉर्गेज सोडून कर्ज अडीच लाखांच्या आत असेल तर चालतं. हप्ता एकदा ठरला की ठरला, जास्तीत जास्त पाच वर्षं. मधे माझी बढती झाली, बायकोला नवी नोकरी लागली, हप्ता तोच. दर महिन्याला पे-स्टब दाखवायची कटकट नाही.

हिशेबी_मिसिसागा
आणि नोकरी गेली असती तर? तेव्हाही हप्ता तोच. तीन हप्ते थकले की प्रपोजल रद्द, धनको पुन्हा दारात. बदल करायचा तर धनकोंची संमती हवी. बँकरप्सीत पगार पडला की नवा हिशेब मागता येतो, हप्ता खाली येतो. तुमची बढती झाली म्हणून तुम्हाला प्रपोजल गोड लागलं.

एडमंटनवाला
ते खरं आहे. माझ्या टीममधल्या दोघांना त्याच वर्षी काढलं होतं. तरी मी पुन्हा तेच करेन. निदान आकडा डोळ्यांसमोर असतो.

रात्रपाळी
प्रपोजलचा विचार केला होता. तेव्हा माझे तास कमी होते, बायको पार्ट-टाइम, पाच वर्षं ठरलेला हप्ता झेपेल याची खात्री नव्हती. आता दोघांचे तास वाढले. पुढचा पगार आधी दिसत नाही, हीच तर अडचण आहे. कायदा मात्र माणसाला आधीच निवडायला लावतो.

हिशेबी, तुम्हाला एक विचारतो. टोरांटोत राहा नाहीतर एखाद्या खेड्यात, रेषा एकच. इथे माझं दोन खोल्यांचं भाडं निम्मा पगार खातं. घराचं उत्पन्न जर इतक्या बारकाईने मोजायचं, तर घराचं भाडं का मोजत नाही?

हिशेबी_मिसिसागा
इथे तुम्ही जिंकलात, म्हणून घ्या. देशभर एकच आकडा हे मलाही पटत नाही. रेषा कमी उत्पन्नाच्या आकडेवारीवरून निघते, दरवर्षी महागाईप्रमाणे थोडी वर सरकते, पण ज्या शहरात भाडंच दुप्पट आहे तिथे ती थिटी पडते. आणि 200 डॉलरपाशी जी उडी आहे, 190 ला काही नाही आणि 210 ला बारा महिने जास्त, तिचं समर्थन मी केलेलं नाही. 2009 च्या सप्टेंबरात कायदा बदलला तेव्हापासून ही 21 महिन्यांची मुदत आहे. पायरीऐवजी चढण ठेवता आली असती: सरप्लस थोडा तर मुदतही थोडीच वाढावी. पण घराचं उत्पन्न मोजू नये, हे मी मान्य करणार नाही.

कॅल्गरीची_मावशी
मोजा हो, पण मग निम्मा दरही घर बघून लावा. ज्याने कर्ज केलं नाही तिचा पगार वाढला, तर त्या वाढीवर निम्म्याऐवजी चौथाई धरा. नाहीतर बायका जादा शिफ्ट घेणार नाहीत, आणि वसुलींनाही काही मिळणार नाही.

वसुली
मावशींचा हा मुद्दा मला पटतो, आवडत नसला तरी. शून्यापेक्षा चौथाई बरी.

हिशेबी_मिसिसागा
रात्रपाळी, वाद बाजूला ठेवून सांगतो. तिचे वाढलेले तास कायमचे आहेत की कोणाच्या रजेपुरते? तात्पुरते असतील तर ट्रस्टीला लेखी कळवा आणि मालकाचं पत्र जोडा. तास कमी झाले त्याच महिन्यात नवा हिशेब मागा, वर्षअखेरीची वाट बघू नका. आकडा तरीही चुकीचा वाटला तर कलम 68 खाली मध्यस्थी मागता येते, ट्रस्टीनेच ती पुढे पाठवायची असते. आणि तिला कामासाठी स्वतःची गाडी वापरावी लागते का, युनिफॉर्म-बूट स्वतः घ्यावे लागतात का, हेही विचारून बघा. नोकरीसाठीच्या खर्चात काय बसतं ते ट्रस्टी सांगेल.

रात्रपाळी
एक जण बाळंतपणाच्या रजेवर आहे, तिच्या जागी हिला तास मिळालेत. पत्र आज मागतो. बूट आणि गाडीचं मात्र कोणी सांगितलं नव्हतं, ट्रस्टीच्या ऑफिसनेही नाही.

स्कारबरोकर
रात्रपाळी, पत्रावर रजा कधी संपणार ती तारीख लिहून घ्या. माझ्या पत्रावर तारीख नव्हती, दोन महिने जुन्याच आकड्यावर हप्ता भरला.