५२एक्सच्या मागे लागू नका

भाऊ, घरच्या पीसीला ५२एक्स स्पीडचा नुसता सीडी रायटर घ्यावा का डीव्हीडी रायटर, असं विचारून राहिले ना तुम्ही, तर सरळ डीव्हीडीवालाच घ्या, तो सीडी पण राइट करतो अन् ७०० एमबीच्या जागी ४.७ जीबी बसतं. ते ५२एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबीच्या ५२ पट, पण तो स्पीड डिस्कच्या बाहेरच्या कडेलाच मिळतो, आत सुरुवातीला निम्माही नसतो. बाबांच्या जुन्या गाडीसाठी फुल स्पीडवर काढलेल्या सीड्यांची शेवटची दोन-तीन गाणी अडकायची, आता १६एक्सवर काढतो, चहा होईतोवर होऊन जाते.

आणि हो, आधी कॅबिनेट उघडून ड्राइव्ह मदरबोर्डला जोडायची केबल बघा, ती दोन प्रकारची असते. रुंद चपटी पट्टी असली तर आयडीई, बोटापेक्षा बारीक असली तर साटा. मी न बघताच नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून साटावाला उचलून आणला, बोर्डावर साटा केबल लावायला जागाच नाही, मे महिन्याच्या उन्हात परत गेलो तर दुकानदार म्हणे सील तोडलं आता काही होत नाही. ड्राइव्ह अजून कपाटात पडून आहे, कोणाला पाहिजे असेल तर सांगा बरं.