मदत हवी आहे: घरी अभंग रेकॉर्ड करताना तानपुरा गायब होतो, तबला मागे पडतो (ऑडॅसिटी)

काळी_चार:

नमस्कार मंडळी. घरच्या घरी तीन अभंग नीट रेकॉर्ड करायचे आहेत. गायन, पेटी, तबला, तानपुरा, बस एवढंच. सॉफ्टवेअर फुकटचंच हवं.

सामान: विंडोज ११ चा लॅपटॉप, एक यूएसबी कंडेन्सर माइक (त्याला हेडफोन लावायची जागा आहे), ब्लूटूथ इअरफोन. तानपुरा मोबाइलच्या अ‍ॅपवर, स्पीकरमधून. खोली दहा बाय बारा, खाली फरशी. पट्टी काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी हा माझा सा). माइक एकच असल्याने एकेक वाद्य वेगळं घ्यावं लागणार.

अडचणी:

१. गाताना तानपुरा स्पष्ट ऐकू येतो, पण रेकॉर्डिंगमध्ये पहिले दोन-तीन सेकंद येतो आणि मग विरून जातो. पेटीचा लांबवलेला सूरही तसाच दबतो.

२. गायनावर तबला रेकॉर्ड केला की ऐकताना तबला मागे पडलेला असतो. वाजवणाऱ्याची लय पक्की आहे.

३. पेटी आणि तानपुरा एकत्र लावले की सेकंदाला दोन-तीन वेळा लाट आल्यासारखं ऐकू येतं.

४. मागे सतत घरघर.

ऑडॅसिटी (रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर) पुरेल का, की दुसरं काही घ्यावं?

समेवर:

ऑडॅसिटी पुरेल. चार ट्रॅकच्या अभंगाला त्याहून जास्त लागत नाही. एलएमएमएस सुचवलं जाईल, पण ते सॉफ्टवेअरमधली वाद्यं वाजवायला आहे, त्यात माइकवरून थेट रेकॉर्डिंग होत नाही. आर्डर चांगलं आहे आणि लिनक्सच्या भांडारातून फुकट मिळतं, मात्र विंडोजसाठी तयार फाइल हवी तर पैसे मोजावे लागतात. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, नंतर परवाना घ्यायचा असतो. मॅक असता तर गॅरेजबँड म्हटलं असतं.

आता तानपुरा. हा दोष माइकचा नाही आणि ऑडॅसिटीचाही नाही. बोलण्यासाठी बनवलेलं नॉइज सप्रेशन (गोंगाट दाबणारी सोय) चालू आहे. त्याचा हिशेब असा की जो आवाज न बदलता सतत चालू राहतो तो गोंगाट: पंखा, एसी, वगैरे. तानपुऱ्याचा गुणच न थांबणं, त्यामुळे दोन-तीन सेकंदांत ते सप्रेशन त्याला पंखा समजतं आणि दाबतं. पेटीचा धरलेला सूरही त्याच कात्रीत सापडतो. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, तिथे तुमचा माइक निवडा आणि ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. माइकबरोबर आलेलं स्वतःचं अ‍ॅप असेल तर त्यातही बघा. लॅपटॉप कंपन्या 'एआय नॉइज' वगैरे नावाची वेगळी सोय घालतात, तीही बंद.

आणि तानपुरा स्पीकरवर लावून गाऊच नका. तो हेडफोनमध्ये ऐका आणि स्वतःच्या ट्रॅकवर वेगळा घ्या. एकदा गायनाच्या ट्रॅकमध्ये मिसळला की पुढे त्याचा आवाज कमी-जास्त करता येत नाही, चुकलेली ओळ जोडताना सांधा ऐकू येतो आणि गोंगाट काढायला गेलात तर त्याच्याबरोबर तानपुराही जातो.

काळी_चार:

एन्हान्समेंट्स बंद केल्यावर तानपुरा टिकतोय! आभार. पण तो वेगळ्या ट्रॅकवर आणायचा कसा? माइकसमोर मोबाइल धरून?

समेवर:

नको, मोबाइलच्या स्पीकरमधून खर्ज (तानपुऱ्याचा सर्वांत खालचा सूर) येतच नाही. तानपुरा लॅपटॉपवरच वाजवा (ब्राउझरमध्ये चालणारे बरेच आहेत) आणि आतल्या आत पकडा. ऑडॅसिटीत ऑडिओ सेटअप, होस्ट 'विंडोज वासापी', रेकॉर्डिंग डिव्हाइसमध्ये ज्याच्या नावापुढे 'लूपबॅक' आहे तो. आता लॅपटॉप जे वाजवेल ते थेट ट्रॅकवर उतरेल. त्या वेळी मेसेजचे आवाज बंद ठेवा, तेही उतरतात. अभंगाच्या अंदाजे लांबीपेक्षा एक मिनिट जास्त घ्या. छोटा तुकडा घेऊन पुन्हा पुन्हा जोडू नका, जोडाच्या जागी ठेच लागते.

झाल्यावर रेकॉर्डिंग डिव्हाइस परत माइकवर आणा. 'उणे ९९९७' असा एरर आला तर सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने घेतले जातात तो आकडा) जुळत नाहीत. विंडोजमध्ये माइकचा रेट ४८००० असेल तर प्रोजेक्टचाही ४८००० करा.

खर्जस्वर:

तिसऱ्या अडचणीबद्दल. ती लाट म्हणजे दोन सुरांमधलं अंतर. अ‍ॅपचा तानपुरा ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराच्या हिशेबाने बरोबर असतो, तुमची पेटी तशी असेलच असं नाही. पेटीचे सूर सहज बदलता येत नाहीत, म्हणून तानपुराच पेटीला मिळवायचा.

मोजायचं असं: पेटीवर तुमचा सा एकाच सप्तकात, एकच स्वर, भाता सम दाबत पाच सेकंद धरा आणि रेकॉर्ड करा. मधले तीन सेकंद निवडून अ‍ॅनालाइज मेनूत प्लॉट स्पेक्ट्रम उघडा, साइझ ६५५३६ करा आणि सर्वांत उंच टोकावर बाण न्या. खाली 'पीक' म्हणून आकडा दिसेल. काळी चारचा सा २०७.६५ हर्ट्झ असायला हवा. खालच्या सप्तकात १०३.८, वरच्यात ४१५.३.

लाट सेकंदाला दोन-तीनदा येते म्हणता, म्हणजे फरकही दोन-तीन हर्ट्झचाच असणार. २१० च्या आसपास निघालं तर पेटी साधारण १९ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) चढी आहे. अ‍ॅपमध्ये बारीक सूर लावायची सोय असेल तर तिथे १९ वाढवा. नसेल तर तानपुऱ्याच्या ट्रॅकवर चेंज पिच इफेक्ट घ्या, सेमीटोन ०.१९. तबला मात्र पेटीला लावून घ्या, अ‍ॅपला नाही.

काळी_चार:

२०९.९ आला. तानपुरा १९ ने वर नेला, लाट गेली. इतका साधा प्रकार असेल असं वाटलं नव्हतं.

आता तबला?

डग्गा:

तबल्याचं कारण ब्लूटूथ. बिनतारी जाताना आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा कानात पोचतो. वाजवणारा त्या उशिरा आलेल्या गाण्याला धरून वाजवतो, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये तेवढा मागे. शिवाय इअरफोनचा माइक चुकून सुरू झाला तर आवाज टेलिफोनसारखा होतो. रेकॉर्डिंगला ब्लूटूथ नकोच. साधा वायरचा हेडफोन घ्या, कान पूर्ण झाकणारा, म्हणजे तानपुरा बाहेर गळणार नाही.

आणि तो लॅपटॉपला न लावता माइकच्या जागेत लावा. ऑडॅसिटीत प्लेबॅक डिव्हाइस म्हणूनही माइकचंच नाव निवडा. दोन फायदे. स्वतःचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात येतो. दुसरा फायदा फारसा कुणी सांगत नाही: रेकॉर्ड करणारं आणि ऐकवणारं उपकरण वेगळं असलं की दोघांची घड्याळं किंचित वेगळी चालतात, आणि सुरुवातीला जुळलेला तबला पाचव्या मिनिटाला सरकलेला सापडतो.

एवढं करूनही थोडा उशीर राहील, तो एकदाच मोजून भरायचा.

प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ सेटिंग्ज, लेटन्सी कॉम्पेन्सेशन (उशीर भरून काढायची चौकट). तिथे मूळचा आकडा उणे १३० असतो, तो शून्य करा. जनरेट मेनूतून ऱ्हिदम ट्रॅक घ्या. ट्रान्सपोर्ट मेनूत 'हिअर अदर ट्रॅक्स' चालू आहे ना बघा. हेडफोनची एक वाटी माइकला चिकटवून नव्या ट्रॅकवर ते ठोके रेकॉर्ड करा. मग झूम करून पहिल्या ट्रॅकवरचा एक ठोका आणि खालचा तोच ठोका यांतलं अंतर निवडा, खाली मिलिसेकंद दिसतील. जे येईल ते उणे चिन्ह लावून त्या चौकटीत टाका. यूएसबीची जागा, होस्ट किंवा माइक बदलला की पुन्हा मोजा.

काळी_चार:

वायरचा हेडफोन माइकला लावून मोजलं: १८६ मिलिसेकंद. उणे १८६ टाकून पुन्हा घेतलं तर २ मिलिसेकंदांचा फरक राहतो. चालेल?

डग्गा:

चालेल. २ मिलिसेकंदांत आवाज जेमतेम सव्वादोन फूट जातो. तबलजी शेजारी बसला तरी तेवढं अंतर असतंच.

तबल्याला माइक एकच आहे, तर तबला आणि डग्गा यांच्या मधोमध, वरून दीड फुटावर, तोंड खाली. अर्धं आवर्तन घ्या आणि ऐका. डग्गा कमी वाटला तर माइक चार बोटं त्याच्याकडे सरकवा. आवाज वाढवून तो दोष जात नाही, जागा बदलून जातो. चाटेवरचा (तबल्याच्या काठावरचा) 'ना' सुईसारखा वर जातो, म्हणून पातळी ठेवताना सगळ्यात जोरकस तिहाई वाजवून घ्या आणि टोक उणे १२ ते उणे ८ डीबीमध्ये (डेसिबल) ठेवा. शून्याला टेकलं की ते फाटलं, मागाहून दुरुस्त होत नाही.

समेवर:

क्रम असा ठेवा: तानपुरा, ठोके, कच्चं गायन (फक्त आधाराला), तबला, पेटी, शेवटी पक्कं गायन. मग ठोके आणि कच्चं गायन पुसून टाका. ऱ्हिदम ट्रॅकमध्ये 'बीट्स पर बार' ८ ठेवला की भजनी ठेक्याला किंवा केरव्याला समेवर जोरकस ठोका मिळतो, दादऱ्याला ६.

डग्गा:

इथे माझं मत वेगळं आहे. अभंगाची लय शेवटच्या गजराकडे चढत जाते, ती चढायलाच हवी. ठोक्यांवर बांधलेला अभंग पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकाच चालीत चालतो आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय कमी आहे ते सांगता येत नाही. ठोके फक्त पहिली दोन आवर्तनं ठेवा. कच्चं गायन मोकळ्या लयीत गा, हाताने टाळ धरून, आणि तबला त्या टाळावर वाजू दे. टाळ ऐकू येतो तोपर्यंत तबलजीला ठोक्यांची गरज नाही.

समेवर:

मान्य, गजर असेल तर तुमचीच पद्धत बरी. संथ, एका लयीतला अभंग असेल तर नवख्या माणसाला ठोके सोपे. तीनपैकी कुठला कसा आहे त्यावर ठरवा.

खर्जस्वर:

घरघरीचं राहिलंय. आधी ती कसली आहे ते बघा. पाच सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करा आणि पुन्हा प्लॉट स्पेक्ट्रम. ५०, १००, १५० वर सुळके दिसले तर वीज आहे: चार्जर काढून बॅटरीवर घ्या, बहुतेक तेवढ्यात जाते. सुळके नसून डावीकडे पसरट ढीग असेल तर पंखा किंवा रस्ता.

पंखा बंद, खिडकी बंद, दाराच्या फटीला चादर. दहा बाय बाराच्या खोलीत फरशी आणि उघड्या भिंती घुमतात. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, मागून 'ट्रर्र' आलं तर तेच गाण्यातही येणार. खाली सतरंजी टाका. गोधडी माइकमागे टांगतात, ती गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. माइकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे तो तुमच्या मागची भिंत ऐकतो. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याला पाठ करून गायलात तर आणखी छान.

तोंड आणि माइक यांत वीतभर अंतर. प, फ, भ चा फुंकर बसू नये म्हणून भरतकामाच्या रिंगवर जुन्या पातळ ओढणीचा दुहेरी कपडा ताणा आणि माइकपासून चार बोटं पुढे धरा. पेटीला माइक भात्याच्या बाजूला नको, समोरून वर दीड-दोन फुटांवर.

उरलेल्या गोंगाटासाठी: प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला पाच सेकंद शांतता ठेवाच. ती निवडून नॉइज रिडक्शन, गेट नॉइज प्रोफाइल, मग पूर्ण ट्रॅक निवडून ६ ते ८ डीबी. १५-२० केलंत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. हाय-पास (ठरावीक आकड्याखालचे सूर कापणारा फिल्टर) गायनाला १०० हर्ट्झ चालेल, तुमचा मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) १५५ च्या आसपास आहे. तानपुऱ्याला १०० लावू नका, त्याचा खर्ज १०३.८ वर आहे, तो पातळ होईल. तबल्याला ४० च्या वर जाऊ नका, डग्गा जातो.

काळी_चार:

पहिला अभंग जमला, टाळाच्या पद्धतीने. दोन शंका. अंतऱ्यात एक ओळ उतरली आहे, सगळं पुन्हा गायचं का? आणि हेडफोनवर डग्गा छान वाजतो, मोबाइलवर पाठवलं की घुमारा नाहीसा होतो.

समेवर:

पुन्हा गायची गरज नाही. कर्सर उतरलेल्या ओळीच्या आधीच्या श्वासात ठेवा आणि शिफ्ट-डी दाबा. मागची पाच सेकंद ऐकू येतात आणि कर्सरपासून नवं रेकॉर्ड होतं. कर्सरपुढचं सगळं मात्र पुसलं जातं, म्हणून आधी ट्रॅकची प्रत काढून ठेवा आणि ओळीनंतरचं त्या प्रतीतून जोडा. उभं राहण्याची जागा तीच हवी, दोन बोटं सरकलात तरी आवाजाचा पोत बदलतो.

डग्गा:

मोबाइलच्या स्पीकरला २०० हर्ट्झखालचं जवळपास वाजतच नाही आणि डग्ग्याचा घुमारा तिथेच असतो. तो वाढवत बसू नका, हेडफोनवर नुसता धबधबा होईल. तबल्याच्या ट्रॅकवर फिल्टर कर्व्ह घेऊन २०० ते ३०० मध्ये २-३ डीबी उचला. मींड (डग्ग्याचा घसरता सूर) खाली-वर होताना तिचे वरचे स्वर त्या पट्ट्यात येतात, कान खालचं आपोआप भरून घेतो. मूळ फाइल २४ बिट वेव्हमध्ये जपा, पाठवायला एमपी३ २५६ केबीपीएस, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून टाका.