मदत हवी आहे: ईसीजी मशीन क्यूटीसी ५०९ म्हणतं, हातानं ४५४ येतो. कोणता धरायचा?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा एक पेशंट बेडाक्विलिनवर आहे. या औषधानं क्यूटी, म्हणजे ईसीजीत क्यू लाटेपासून टी लाट संपेपर्यंतचा वेळ, लांबू शकतो, म्हणून अधूनमधून ईसीजी काढतो. यावेळी मशीननं क्यूटीसी, म्हणजे नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी, ५०९ मिलिसेकंद छापला. ५०० च्या वर धोका, हे आमच्याकडून घोकून घेतलंय. पेशंट समोरच बसलेला, "काहून जी, गोळ्या बंद करता का? खोकला तर आत्ता कुठं उतरला."

पट्टी टेबलावर पसरून लीड टूमध्ये (ईसीजीतली एक रेघ) चौकोन मोजले. क्यूपासून टी संपेपर्यंत ९ बारीक चौकोन, म्हणजे ३६० मिलिसेकंद. मशीनचा क्यूटीही ३६०च. नाडी १२०; अंगात ताप, त्यात वावरातून तसाच चालत आला. नाडीनुसार दुरुस्ती करणाऱ्या बॅझेटच्या सूत्रानं ५०९, फ्रिडेरिशियाच्या सूत्रानं ४५४. दोन्ही सूत्रं १९२० ची, आणि फरक एवढा! तालुक्याच्या डॉक्टरांना फोटो पाठवलाय, उत्तर यायचंय. तोवर नोंदीत काय लिहू?

उत्तर (औषध-चाचण्यांतले ईसीजी तपासतो):
दोन्ही लिहा, सूत्राच्या नावासकट. बेडाक्विलिनच्या माहितीपत्रकातली ५०० ची रेघ फ्रिडेरिशियाची आहे, तीही दुसऱ्या ईसीजीत पक्की झाली तर. नाडी जोरात असली की बॅझेट आकडा फुगवतो. मशीनचं मोजमाप चुकलं नाही, सूत्रानं घोळ केला. बऱ्याच मशीनच्या सेटिंगमध्ये ते बदलता येतं.

आमच्याकडेही मशीन आधी मोजतं, मग हृदयरोगतज्ज्ञ बघतात. टी नेमका कुठं संपला, हे प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर आपापल्या हिशोबानं ठरवतं, त्यामुळे चाचणी चालू असताना मशीन बदलत नाही. २००५ च्या आयसीएच ई१४ नियमावलीत (नवं औषध क्यूटी लांबवतं का, हे तपासायचे आंतरराष्ट्रीय नियम) क्यूटीसीतली सरासरी ५ मिलिसेकंदांच्या आसपासची वाढसुद्धा चिंतेची धरली आहे. तुमच्याकडे तर ५५ चा फरक निव्वळ सूत्राचा!

पण ४५४ बघून निर्धास्त होऊ नका. इतक्या नाडीला कोणतंच सूत्र धड चालत नाही. पडून आराम करू द्या, नाडी उतरली की पुन्हा काढा. पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासायला सांगा. बाहेरून अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा उलटीची ओंडान्सेट्रॉन घेतली का विचारा, तीही क्यूटी लांबवतात. गोळ्या थांबवायच्या की नाही, ते डॉक्टरच ठरवतील.

धागाकर्ता:
विचारलं. उलटीची गोळी मेडिकलमधून आणली होती म्हणे, पाकीट फेकलं. मेडिकलवाल्याला फोन लावतोय. पेशंट आत खाटेवर पडलाय, नाडी १०४ वर आली. अजून थोडं थांबून पट्टी काढतो.